थोड्या खर्चात भरवशाची गिरिभ्रमण-सामग्री

पुणे शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांस एक भाग्य अनायासे लाभलेले आहे. पहाटे घरून निघावे आणि उन्हे चढण्यापूर्वी सिंहगडाच्या माथ्यावर पिठले-भाकरी व दही पुढ्यात घेऊन बसावे, हे आपल्या शहरातील मुलांस जितके सुलभ आहे तितके अन्य शहरांतील थोड्याच मुलांस असेल. राजगड, तोरणा, पुरंदर, लोहगड हे किल्लेही फार दूर नाहीत. यामुळे सुटी लागली की मुले गडावर जाण्याचा हट्ट धरतात आणि त्या हट्टाच्या पाठोपाठ सामानाची एक लांबलचक यादी पालकांच्या हाती येते. तीत विशेष प्रकारचे जोडे असतात, परदेशी धाटणीचे जाकीट असते, तंबू असतो, आणि ज्यांची नावे पालकांनी पूर्वी कधी ऐकलेली नसतात अशाही काही वस्तू असतात.

या यादीपासून दोन प्रकारचे अनर्थ होताना आम्ही पाहतो. पहिला असा की, मिळकत बेताची असलेल्या घरी यादी पाहताच नकार मिळतो. मुलगा घरी राहतो आणि सोबत्यांस काहीतरी खोटी सबब सांगतो. दुसरा असा की, पालक कर्ज काढल्याप्रमाणे पैसा खर्च करतात, परंतु तो भलत्याच वस्तूंवर. जाकीट झगझगीत असते आणि जोड्यांचे तळवे मात्र झिजून गुळगुळीत झालेले असतात. पहिल्या प्रकारात मुलाचे मन मोडते, दुसऱ्यात हाड मोडण्याचा संभव असतो. हे दोन्ही अनर्थ टळावेत एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आमचे म्हणणे एका नियमात सांगता येईल. जी वस्तू ऐन वेळी निकामी झाली असता जिवास धोका होतो, तिच्यावर पैसा खर्च करावा. जी निकामी झाली असता केवळ गैरसोय होते, ती घरची, जुनी किंवा उसनी घ्यावी. हा नियम लावून पाहिला म्हणजे यादीचा निम्म्याहून अधिक भाग आपोआप गळून पडतो.

मग आपल्या सह्याद्रीत जिवास धोका कशापासून होतो, हे पाहिले पाहिजे. येथे हिमालयातील बर्फ नाही. येथे माणूस घसरतो, भिजून गारठतो, अंधारात सापडतो, तहानेने व्याकुळ होतो आणि वाट चुकतो. या पाच संकटांचा विचार क्रमाने करू.

घसरण्यावर उपाय जोड्यांचा. सह्याद्रीचा काळा पाषाण पावसाळ्यात शेवाळाने निसरडा होतो, आणि उन्हाळ्यात त्यावर बारीक खडीचा घसारा पसरलेला असतो. अशा जागी किमतीपेक्षा तळव्याच्या रबराला महत्त्व आहे. रबर नरम असावे, नखाने दाबले असता किंचित दबावे, आणि त्यावरील खाचा खोल असाव्यात. कठीण, चकचकीत तळव्याचा भारी जोडा ओल्या खडकावर साध्या कापडी जोड्याहूनही वाईट ठरतो. ‘अॅक्शन’ कंपनीचे ‘ट्रेकिंग’ नावाचे जोडे महाराष्ट्रातील गिरिप्रेमी मंडळींत वर्षानुवर्षे लोकप्रिय झाले ते दिसण्यामुळे नव्हे, तर थोड्या किमतीत खडकाला धरून राहणाऱ्या तळव्यामुळे. जोडे सायंकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजलेले असतात. जाड मोजे घालून पाहावेत व अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडावी. नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. आणल्याबरोबर मोच्याकडून तळवा सभोवार शिवून घ्यावा. हा अल्प खर्च नव्या जोड्याचे आयुष्य पुष्कळ वाढवितो.

येथे एक इशारा दिला पाहिजे. थोरल्या भावाचे जोडे कपाटात चार वर्षे पडून आहेत व दिसण्यात नव्यासारखे आहेत, म्हणून ते धाकट्याने घालावेत, ही काटकसर प्रसंगी महाग पडते. काही जोड्यांच्या तळव्यातील पॉलियुरेथेनचा मऊ थर दमट हवेने, न वापरताही, आतून कुजतो. आणि गडाच्या अर्ध्या वाटेवर सबंध तळवा गळून पडतो. जुना जोडा दोन्ही हातांनी वाकवून पाहावा. तळव्यास चिरा दिसल्या किंवा भुगा पडू लागला, तर तो गडावर नेऊ नये.

दुसरे संकट भिजून गारठण्याचे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे व सिंहगड सुमारे १,३१२ मीटरवर. दर हजार मीटर चढावर हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होत जाते. म्हणजे घरच्यापेक्षा गडावर सुमारे पाच अंश थंडी अधिक, आणि वारा सुटला तर ती याहूनही पुष्कळ अधिक वाटते. सुती कापड पाणी शोषून धरते व ओले झाले की अंगाची उष्णता ओढून घेते. लोकरीच्या कुरळ्या तंतूंत हवा कोंडून राहते, यामुळे ती ओली झाल्यावरही काही ऊब देते. पॉलिएस्टरचे कापड पाणी फारसे शोषत नाही व लवकर वाळते. म्हणून पावसाळ्यात जाड सुती पँट व सुती सदरा टाळावा. खेळाच्या तासाचा पॉलिएस्टरचा सदरा व त्यावर आजीने विणलेला लोकरी स्वेटर पुरेसा आहे. आपल्या मावळातील शेतकरी डोक्यावर इरले व खांद्यावर घोंगडी घेऊन आषाढातील पावसात उभा राहत असे, त्यामागे हेच शास्त्र होते: बाहेर पाणी अडविणारा एक थर, आत हवा धरणारा दुसरा थर.

हेच तत्त्व जगातील सर्वोच्च शिखरावरही लागू पडते. जॉर्ज मॅलरी हे १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसे झाले. त्यांचा देह १९९९ साली सापडला, तेव्हा अंगावर रेशीम, सूत व लोकर यांच्या वस्त्रांचे एकावर एक थर होते. पुढे त्याच बेताची वस्त्रे तयार करवून २००६ साली ती एव्हरेस्टच्या उतारावर घालून पाहण्यात आली, आणि चांगल्या हवेत ती हलकी व उबदार असल्याचे आढळले. सांगण्याचे तात्पर्य इतकेच की, एका महागड्या जाकिटापेक्षा घरातील तीन पातळ कपडे एकावर एक घालणे अधिक उपयोगी असते. चढताना एक काढता येतो, थांबताना पुन्हा घालता येतो.

सर्वांत बाहेरचा थर मात्र विकत घ्यावा लागेल. दुकानात दोन शब्द ऐकू येतात: एक ‘वॉटरप्रूफ’ व दुसरा ‘वॉटर-रेझिस्टंट’. दुसऱ्याचा अर्थ थोडे शिंतोडे सोसणारे एवढाच आहे; श्रावणसरीपुढे ते टिकत नाही. कापड उत्तम असले तरी पाणी शिवणीच्या भोकांतून शिरते, म्हणून आतील बाजूस शिवणीवर पट्टी चिकटविलेली आहे की नाही हे उलटून पाहावे. पिशवीतील कपडे कोरडे राखण्यासाठी तर बोहरी आळीत मिळणारी जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत घालून तिचे तोंड पिळून बांधावे. बाहेरून घालावयाच्या आच्छादनापेक्षा ही युक्ती स्वस्त व अधिक खात्रीची आहे.

तिसरे संकट अंधाराचे. उतरण्यास उशीर होणे ही गडावरील नित्याची गोष्ट आहे, आणि अंधारात टाकलेले एक पाऊल पुरेसे होते. भ्रमणध्वनीतील दिव्यावर भिस्त ठेवू नये. कारण तो जळत राहिला तर मदत मागण्याचे साधनच संपुष्टात येते. डोक्याला बांधण्याची विजेरी घ्यावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. तिच्यावर ‘आयपीएक्स ४’ असा अंक असेल तर ती चहूबाजूंच्या शिंतोड्यांस दाद देत नाही असे समजावे. कोठेही मिळणाऱ्या सेलांवर चालणारी विजेरी पसंत करावी, जादा सेल कोरड्या पुडीत न्यावेत, आणि घरी परतल्यावर विजेरीतील सेल काढून ठेवावेत. सेल पाझरून विजेरी नासते ती बहुधा कपाटातच.

चौथे संकट तहानेचे. येथे खर्च जवळजवळ नाही. सोड्याची किंवा शीतपेयाची रिकामी बाटली दाबाखालील पेय धरण्यासाठीच बनविलेली असल्यामुळे ती हलकी असूनही चिवट असते. अशा दोन बाटल्या एका मुलास पुरतात, उन्हाळ्यात तीन घ्याव्यात. गडावरील टाक्यांचे पाणी उकळून किंवा क्लोरीनचे औषध घालून अर्धा तास ठेवूनच प्यावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातले, की जुलाब किंवा अति घाम यांवर उपयोगी पडणारे पेय तयार होते. दोन्ही जिन्नस पुडीत बांधून नेता येतात.

पाचवे संकट वाट चुकण्याचे. त्यावर सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे शिट्टी. हाका मारून घसा बसतो, शिट्टीस तो त्रास नाही. संकटाची जी खूण पर्वतप्रदेशांत मान्य आहे ती अशी: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटात तीन वेळा उत्तर द्यावे. ही खूण ठाऊक नसेल तर शिट्टीचा उपयोग निम्माच. निघण्यापूर्वी कोणत्या वाटेने जाणार व केव्हा परतणार हे कागदावर लिहून घरी ठेवावे. या कागदाची किंमत काहीच नाही, पण शोध घेणाऱ्यांस त्याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही.

आता उरलेल्या यादीकडे वळू. तंबू विकत घेण्याचे कारण नाही; तंबू भाड्याने मिळतात. झोपण्यासाठी खाली प्लॅस्टिकचे कापड, त्यावर सतरंजी व वर घोंगडी पुरे. मात्र खालचा थर जाड असावा, कारण थंडी जमिनीतून अधिक लागते. चुलीचे व स्वयंपाकाचे सामान पाच-सहा मुलांनी मिळून एकच न्यावे. सॅक वापरलेली चालेल, परंतु खांद्याचे पट्टे जेथे शिवलेले असतात ती जागा तपासावी. सॅकमध्ये सहा-सात किलो गहू भरून ती एकाच पट्ट्याने उचलावी व हिसके द्यावेत. शिवण उसवली तर ती घरीच उसवली हे बरे. आमच्या मते मुलाच्या पाठीवरील ओझे त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे.

एका वस्तूच्या बाबतीत मात्र काटकसरीचा विचारही मनात आणू नये. ती म्हणजे कडा चढण्याचा दोर व त्याची कडी. तानाजी मालुसऱ्यांचे मावळे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री दोरांच्या आधाराने सिंहगडाचा कडा चढून गेले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. परंतु तो युद्धप्रसंग होता, सहल नव्हे. बाजारातील सामान बांधण्याचा नायलॉनचा दोर ओझे पेलतो, पण पडणाऱ्या माणसाचा हिसका सोसून घेण्यासाठी तो बनविलेला नसतो. गिर्यारोहणाचा दोर किंचित ताणला जाऊन तो हिसका जिरवितो. १९३२ साली शामोनी येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाची ‘यूआयएए’ ही खूण अशा साहित्यावर असते, व कडीवर ती किती भार सोसते हे किलोन्यूटनमध्ये कोरलेले असते. २० किलोन्यूटन म्हणजे सुमारे दोन हजार किलो वजनाइतका जोर. किल्ल्यांच्या जुडग्याची कडी दिसण्यात अगदी तशीच असते, पण तिच्यावर अशी खूण नसते. ज्या दोराचा पूर्वेतिहास ठाऊक नाही तो फुकट मिळाला तरी घेऊ नये, आणि शिकलेल्या मार्गदर्शकावाचून दोराच्या वाटेस जाऊच नये.

पैशाची वाटणी कशी करावी, असे पालक विचारतील. आमच्या मते हाती शंभर रुपये असतील तर पन्नास जोड्यांवर, पंचवीस पावसाच्या वस्त्रावर, पंधरा विजेरीवर व दहा शिट्टी आणि औषधे यांवर खर्च करावेत. पैसे एकदम जमत नसतील तर याच क्रमाने एकेक वस्तू घ्यावी, व ती येईपर्यंत लहान आणि कोरड्या वाटेवरच जावे.

वस्तू घेतली म्हणजे ती भरवशाची झाली असे नाही. भरवसा परीक्षेने येतो. पावसाचा कोट घालून न्हाणीघरात दहा मिनिटे पाण्याखाली उभे राहावे. सॅकमध्ये वर्तमानपत्र घालून ती नळाखाली धरावी व कागद कोठे भिजला ते पाहावे. विजेरी एक रात्रभर जळत ठेवून किती वेळ टिकते ते लिहून ठेवावे. नवे जोडे घालून पर्वतीच्या १०३ पायऱ्या पाच-सहा वेळा चढाव्यात व उतराव्यात, मग सिंहगड करावा, आणि त्यानंतरच राजगड किंवा तोरणा यांचे नाव काढावे.

विद्यार्थिमित्रहो, जोडीदाराच्या अंगावरील जाकीट पाहून आपल्या स्वेटराची लाज वाटू देऊ नका. गडावर गेल्यानंतर कोणाचा जोडा घसरत नाही, कोणाची विजेरी रात्री पेटते आणि कोणाच्या पिशवीत कोरडा सदरा निघतो, एवढेच विचारले जाते. आणि पालकांस आमची विनंती आहे की, मुलाने आणलेली यादी पाहून एकदम नकार देऊ नये. पेन्सिल घेऊन मुलाशेजारी बसावे, प्रत्येक वस्तूपुढे ‘ही बिघडली तर काय होईल?’ हा प्रश्न त्यालाच विचारावा, आणि त्याच्याच हाताने यादीवर काट मारवून घ्यावी. जे थोडे उरेल ते बहुतेक घरांस परवडेल असा आमचा विश्वास आहे.