तालुका कोर्टातला सोमवार

सकाळी साडेनऊ. खोलीचं कुलूप निघायच्या आत दोन पोलीस ठाण्यांचे पैरवी हवालदार दारात हजर. काखेत समन्स-वॉरंटचे गठ्ठे, हातात छाननीसाठी आणलेली दोषारोपपत्रं. एका मारहाणीच्या प्रकरणात जखमेचं प्रमाणपत्रच नाही, पंचनाम्यावर एकाच पंचाची सही. त्रुटी लिहून कागद परत केले. "मॅडम, आमचे साहेब चिडतील," हवालदार म्हणाला. चिडू देत. त्यांचे साहेब माझे साहेब नाहीत, आणि हे काही आपोआप झालेलं नाही. आम्ही सहायक सरकारी अभियोक्ते पूर्वी पोलीस खात्याच्याच शिस्तीत होतो. शेवटी १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बजावलं, की यांना पोलिसांच्या ताब्यातून काढा आणि वेगळं खातं करा. आज माझी निवड लोकसेवा आयोगाची आणि वरचं कार्यालय अभियोग संचालनालय. तेही गृह विभागातच, हा भाग निराळा.

अकरा. पुकारा झाला. पहिलं रिमांड मोटारसायकल चोरीचं. तपास अधिकाऱ्याला पाच दिवसांची पोलीस कोठडी हवी. कशासाठी, ते रिमांड अहवालात धड लिहिलेलं नाही. गाडी जप्त करायची राहिली आहे, एवढंच मी मांडू शकले. दोन दिवस मिळाले.

पुढचे दोन तास साक्षी. एक साक्षीदार फितूर, एक गैरहजर, एका पंचाला पंचनामा कुठे झाला तेच आठवेना.

दोन. डबा उघडला तोच तालुक्यातले एक कार्यकर्ते आले. रास्ता रोकोचा खटला. अशा केसेस मागे घ्यायचा शासन निर्णय निघालाय, तर आजच अर्ज द्या म्हणाले. त्यांना समजावलं, की सरकारने कळवलं तरी अर्ज माझ्या सहीचा. फाइल वाचून मला पटलं तर मी तो देणार आणि त्याला कोर्टाची संमती लागणार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर पीडिताचं ऐकल्याशिवाय कोर्टाला तशी परवानगीच देता येत नाही. आरोपींत आजी-माजी आमदार असेल, तर ऑगस्ट २०२१ पासून उच्च न्यायालयाची मंजुरीही हवी. "मग सरकार कशाला निवडून दिलं?" असं म्हणून ते उठले. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पण सरकार निवडून देणाऱ्यांत त्या दिवशी रस्त्यावर अडकलेलेही होते.

साडेचार. मागच्या आठवड्यातल्या दोन निर्दोष निकालांवर अपिलाचा अभिप्राय लिहायला बसले. एक चोरीचा, दुसरा साध्या दुखापतीचा. चोरी दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणून सत्र न्यायालयात अपील करायला जिल्हाधिकारी सांगू शकतात. दुखापत जामीनपात्र, तिथे निर्णय राज्य सरकारचा आणि अपील थेट उच्च न्यायालयात. मोठा गुन्हा जिल्ह्यात मिटतो आणि थपडेची फाइल मुंबईला जाते! कायदा करणाऱ्यांनी तालुका कोर्टात एक दिवस बसायला हवं होतं.

पावणेसहा. वरच्या मजल्यावरच्या अतिरिक्त सत्र न्यायालयातले सरकारी वकील चहाला आले. खुनाचे खटले चालवणारा हा माणूस केडरमधला नाही, यादीतून नेमलेला. सत्ता बदलली की त्यांच्या खुर्चीची चर्चा सुरू होते. ती यादी जिल्हाधिकारी करतात. मूळ फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करावा लागे. १९८१ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून तो काढला आणि तिथे राज्य सरकारची मान्यता घातली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत सत्र न्यायाधीश परत आले आहेत.

माझ्या पातळीवर राज्याचा ताबा मला सोयीचा वाटतो. स्थानिक ठाणेदार आणि पुढारी त्यामुळे चार हात लांब राहतात. वरच्या मजल्यावर मात्र तोच ताबा जाचक आहे. वकील कसा आहे हे मंत्रालयापेक्षा त्याला रोज ऐकणाऱ्या न्यायाधीशाला जास्त कळतं. तुमच्या जिल्ह्याची पुढची यादी निघेल, तेव्हा सत्र न्यायाधीशांचं मत खरोखर घेतलं की नुसती सही आणली, एवढं वकील संघांनी जरूर विचारावं.