मास्ट पेशीचा लगाम

अंगावर पित्त उठलं की आपण दोष देतो तो शेंगदाण्याला, धुळीला नाहीतर परागकणांना, आणि गोळी घेतो ती हिस्टामीनला अडवणारी. या दोहोंच्या मधे जे घडतं ते नजरेआडच राहतं. ॲलर्जी किती भडकणार हे बऱ्याच अंशी तिथेच ठरतं, असं माझं मत आहे. त्वचेत, श्वासमार्गात, आतड्यात मास्ट पेशी असतात. पाउल एर्लिश यांना १८७८ मध्ये त्या कणांनी गच्च भरलेल्या, जणू खाऊनपिऊन तृप्त दिसल्या, म्हणून हे जर्मन नाव. त्यांच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींत आयजीई ही प्रतिपिंडं आधीपासून रोवलेली असतात. ॲलर्जीकारक रेणूने त्यांतली शेजारशेजारची काही जोडली की आत लिन हे विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लागतं आणि ग्राहीवर फॉस्फेटची खूण चिकटवतं. त्या खुणेवर सिक हे दुसरं विकर येऊन बसतं, पुढे बीटीके हे तिसरं सरसावतं, पेशीतलं कॅल्शियम झपाट्याने वाढतं आणि काही मिनिटांत हिस्टामीनचे कण बाहेर फेकले जातात.

ही साखळी नुसती पुढेच धावत नाही. शिप नावाचं विकर पेशीपटलातल्या एका मेदरेणूवरचा फॉस्फेट काढून टाकतं आणि साखळीला लगाम घालतं. ज्या उंदरांत ते नसतं, त्यांच्या मास्ट पेशी ॲलर्जीकारक रेणू नसतानाही, निव्वळ आयजीईच्या स्पर्शाने रिकाम्या होतात, असं १९९८ मध्ये दिसलं. आणखी नवलाची गोष्ट म्हणजे ठिणगी पाडणारं लिनच हा लगाम खेचायलाही मदत करतं. प्रयोगशाळेत ॲलर्जीकारकाची मात्रा एका मर्यादेपलीकडे वाढवली की पेशींचा प्रतिसाद उलट मंदावतो, त्यामागेही शिपचा हात आहे.

यावर कोणी म्हणेल, शेंगदाणा टाळला की प्रश्नच मिटला, विकरांचं काय घेऊन बसलात? टाळायला हवाच, पण त्याने सगळा उलगडा होत नाही. रक्ततपासणीत शेंगदाण्याविरुद्धची आयजीई सापडूनही बिनघोर शेंगदाणे खाणारी माणसं आहेत. आयजीई किती आहे, ती किती घट्ट चिकटते, तिला अडवणारी दुसरी प्रतिपिंडं आहेत का, याचा त्यात वाटा आहेच. तरीही काही लोकांच्या रक्तातल्या बेसोफिल पेशी, ज्या मास्ट पेशींच्या नात्यातल्याच, आयजीई जोडली गेली तरी हिस्टामीन सोडत नाहीत, आणि त्यांच्यात सिकचं प्रमाण फार कमी आढळतं. संदेश दारापर्यंत पोहोचतो, पण आत तो उचलणारं विकरच अपुरं पडतं.

मग ही विकरंच बंद का करू नयेत? त्यात धोका आहे हा आक्षेप रास्त आहे, कारण ती इतर पेशींतही राबतात. जन्मतः बीटीके नसलेल्या मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतात आणि त्यांना पुन्हापुन्हा जंतुसंसर्ग होतो. ब्रूटन या डॉक्टरांनी १९५२ मध्ये अशा एका मुलाचं वर्णन केलं होतं. पण जन्मभराचा अभाव आणि दोन दिवसांची गोळी यांत मोठं अंतर आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या दहा प्रौढांना बीटीके रोखणारं ॲकालाब्रुटिनिब दोन दिवस दिलं. त्यांतल्या बहुतेकांना पूर्वीपेक्षा कितीतरी पट अधिक शेंगदाणा सोसला. दहा माणसांवरून उपचाराची पद्धत ठरत नाही, पण लगाम नेमका कुठे धरायचा ते यातून दिसलं. मात्र हा उपाय आधीच घ्यायचा आहे. घसा आवळू लागला, दम लागला, तर कण केव्हाच बाहेर पडलेले असतात, आणि त्या घडीला ॲड्रेनलिनच टोचावं लागतं.