एक किलोमीटरचं आकाश

एक किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद आकाश आखून घ्यायचं आणि विमानाने त्याच्या बाहेर जायचं नाही. हवाई कसरतींची स्पर्धा या चौकटीपासून सुरू होते. १९ नोव्हेंबर २०२२ रोजी नागपूरच्या वायुसेना नगरात हवाई दलाचं सूर्यकिरण पथक उडालं, तेव्हा विदर्भाने माना वर करून जे पाहिलं ते प्रदर्शन होतं. तिथे गुण द्यायला कोणी बसलेलं नव्हतं. स्पर्धेत आकाशात एका वेळी एकच विमान असतं आणि जमिनीवर खुर्ची टाकून बसलेले परीक्षक त्याची रेषान् रेषा तपासतात.

शंकरपटात बैलजोडी किती सेकंदांत पोहोचली ते घड्याळ सांगतं. इथे वेगाला गुण नाहीत, भूमितीला आहेत. लूप गोल हवा. वारा विमानाला सतत एका बाजूला ढकलत असतो, तरी खालून पाहणाऱ्याला तो गोलच दिसला पाहिजे. म्हणजे वैमानिकाने वाऱ्याचा हिशेब करून मुद्दाम थोडं वाकडं उडायचं, तेव्हा कुठे आकृती सरळ दिसते. प्रत्येक आकृतीला दहापैकी गुण. रेषा पाच अंशांनी चुकली की एक गुण गेला. आकृती जितकी अवघड, तितका तिचा गुणक मोठा. होसे लुईस अरेस्ती या स्पॅनिश वैमानिकाने या आकृत्यांसाठी चिन्हांची एक लिपीच बसवली आणि जगभर आज तीच चालते. कागदाच्या एका चिठ्ठीवर अख्खं उड्डाण मावतं आणि वैमानिक ती चिठ्ठी समोरच्या पॅनेलवर चिकटवून उडतो.

पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लावाला झाली आणि यजमान देशाच्याच लादिस्लाव बेझाकने ती जिंकली. मोठ्या स्पर्धेत साधारण तीन प्रकारची उड्डाणं असतात. एक आधीपासून ठरलेलं, एक वैमानिकाने स्वतः रचलेलं आणि एक ऐनवेळी हातात दिलेलं. या तिसऱ्याचा हवेत सराव करायला बंदी असते. म्हणून उड्डाणाआधी विमानतळाच्या कोपऱ्यात वैमानिक डोळे मिटून, तळहाताचं विमान करून, पावलं टाकत ते पाठ करताना दिसतात.

अशी स्पर्धा यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या आसपास भरवता येईल का? माझं उत्तर 'हो' असं आहे, पण त्यासाठी कामाचा क्रम नीट लावावा लागेल.

वणीला धावपट्टी नाही. पूर्वेला वर्धा नदीपलीकडे चंद्रपूरजवळ मोरव्याची धावपट्टी आहे, पश्चिमेला यवतमाळची. २००९ मध्ये राज्य सरकारने पाच विमानतळ खाजगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिले, त्यांत यवतमाळ होतं, तरी तिथली प्रवासी वाहतूक कधी फुलली नाही. प्रवाशांच्या दृष्टीने हे दुःखाचंच आहे. कसरतीच्या स्पर्धेला मात्र असाच विमानतळ लागतो, जिथे दिवसभर आकाशाचा एक तुकडा राखून ठेवला तरी कुणाचं विमान खोळंबत नाही. नागपूरला हे जमणं फार कठीण.

मग हंगाम. मे महिन्यात वणीचा पारा पंचेचाळीसला टेकतो. समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरवरचं हे गाव, पण त्या उन्हात इथली हवा तेराशे मीटरपेक्षा उंच ठिकाणी असावी तितकी विरळ होते. पंखांना धरायला हवा कमी मिळते, इंजिनाचा दम घटतो, लूपच्या माथ्यावर वेग संपतो. त्यात सहा 'जी'चा भार आला की सत्तर किलोच्या माणसाचं वजन चारशेवीस किलो भासतं. रक्त पायांकडे ओढलं जातं आणि शरीरात पाणी कमी असेल तर शुद्ध हरपू शकते. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. त्यातही सकाळी कोळशाच्या पट्ट्यातला धूर आणि धुकं एकत्र बसतं, तेव्हा पहिलं उड्डाण ऊन वर आल्यावरच ठेवायचं.

परवानगी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची लागते. दाट वस्तीवर कसरती करता येत नाहीत, म्हणून चौकट शेतांवर आखायची आणि त्या शेतकऱ्यांना आधी भेटायचं. त्या वेळेत इतर विमानांनी तिथे येऊ नये यासाठी 'नोटॅम' म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना निघते. चौकटीचे कोपरे जमिनीवर पांढऱ्या पट्ट्यांनी दाखवतात, वरून ठळक दिसतील एवढ्या मोठ्या. परीक्षकाने विमानावरून नजर काढायची नसते, म्हणून त्याच्याजवळ दोघे बसतात. एक पुढची आकृती वाचून सांगतो, दुसरा गुण लिहून घेतो. अग्निशमन गाडी आणि रुग्णवाहिका धावपट्टीलगत चालू स्थितीत हवी, तालुक्याच्या गावाहून फोन केल्यावर येणारी नको.

उड्डाणाआधीची तपासणी मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. विमान उलटं झालं की कॉकपिटच्या तळाशी पडलेलं साधं पेनही छताकडे जातं आणि नियंत्रणाच्या दांड्यात अडकू शकतं. म्हणून वैमानिकाचे खिसेसुद्धा रिकामे करून घेतात.

खरी अडचण विमानांची आहे. आपल्या प्रशिक्षण संस्थांमध्ये दिसणारं सेसना १७२ किंवा गोंदियाच्या बिरसीला उडणारं डायमंड डीए-४० उलटं करायला बनलेलं नाही. त्यासाठी सेसनाचं एरोबॅट, पिट्स किंवा एक्स्ट्रा अशी मजबूत विमानं लागतात. आणि लूप, रोलसह सगळ्या कसरती करू शकणारं आणि १९५१ मध्ये बंगळूरला पहिल्यांदा उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान ज्यांनी घडवलं, ते डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले! गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या माणसाच्याच नेतृत्वाखाली १९६४ मध्ये किरण जेट उडालं, आणि १९९६ मध्ये बिदरला सूर्यकिरण पथक उभं राहिलं ते याच किरणवर. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी किरण कमी पडू लागली म्हणून २०११ मध्ये पथक थांबलं आणि पुढे हॉक विमानांवर पुन्हा सुरू झालं. ज्या भाषेच्या माणसाने देशाला कसरतीचं विमान दिलं, त्या भाषेच्या मुलखात नागरी वैमानिकाला उलटं उडायला शिकवणारं विमान सहज सापडू नये, याची मला खंत वाटते. ही चैन नाही. विमान अचानक कलंडलं, फिरकी घेत खाली जाऊ लागलं, तर त्यातून बाहेर कसं यायचं हे वैमानिकाच्या हातात मुरतं ते अशाच सरावाने.

म्हणून सुरुवात छोटी असावी. अमेरिकेत नवशिक्यांच्या गटाला पंचेचाळीस अंशांची चढती रेषा, एक फिरकी, एक लूप, एक रोल अशा मोजक्या आकृत्या देतात आणि १५०० फुटांच्या खाली उतरायला बंदी असते. जागतिक स्पर्धेच्या सर्वोच्च गटात ही मर्यादा १०० मीटर आहे. आपण तिकडे पाहूच नये. दोन-तीन कसरतीची विमानं भाड्याने आणावीत, सोबत अनुभवी प्रशिक्षक असावेत आणि उंचीची मर्यादा मोडणाऱ्याला त्या दिवशी पुन्हा उडू देऊ नये, पाहुणा कितीही मोठा असला तरी. फेब्रुवारी २०१९ मध्ये येलहंकाला सरावात सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांवर आदळून विंग कमांडर साहिल गांधी गेले. रोज सराव करणाऱ्यांच्या वाट्यालाही हे येतं. तेव्हा प्रेक्षकांच्या डोक्यावरून विमान न्यायचं नाही, उद्घाटनासाठी जास्तीची फेरी मारायची नाही, हे आमंत्रणपत्रिका छापण्याआधी लेखी ठरलं पाहिजे.

एका कामाला विमानाची वाट पाहायची गरज नाही. वणी, यवतमाळ, चंद्रपूरच्या महाविद्यालयांतली मुलं अरेस्तीची चिन्हं आज शिकू शकतात. जागतिक स्पर्धांची उड्डाणं पडद्यावर लावायची, एकाने चिठ्ठी वाचायची, एकाने पाहायचं, एकाने गुण लिहायचे आणि मग तिघांनी आपला कोन का चुकला यावर भांडायचं. परीक्षकाशेजारी बसणारी माणसं अशीच तयार होतात, आणि ती तयार असली तर स्पर्धेचं अर्धं काम झालेलं असतं.