स्वयंपाकघराचा ओटा कोणत्या आकाराचा असावा?

नव्या सदनिकेचा ताबा मिळाला की दिवाणखान्याच्या रंगावर घरात चार दिवस चर्चा रंगते; स्वयंपाकघराचा ओटा मात्र कंत्राटदार दाखवील त्या भिंतीला लागतो. रंग पुढच्या चतुर्थीला बदलता येतो. ग्रॅनाइटचा ओटा, नळ व सांडपाण्याची वाहिनी वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतात आणि चुकलेल्या मांडणीचा भार तिथे रोज उभे राहणाऱ्याच्या कमरेवर पडतो.

स्वयंपाकाची बहुतेक ये-जा फ्रिज, सिंक आणि शेगडी या तीन ठिकाणांमध्ये होते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९४०च्या दशकात झालेल्या अभ्यासातून या त्रिकोणाचा ठोकताळा रूढ झाला. त्याची प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट असावी, असे मानले जाते.

खोली अरुंद असेल तर एका भिंतीलगतचा सरळ ओटा सोयीचा. त्यावर फ्रिज, सिंक, चिरण्याची जागा आणि शेगडी असा क्रम ठेवावा. समोरासमोरच्या दोन ओट्यांमध्ये पावले कमी पडतात. पण प्रत्येक ओटा २ फूट रुंद धरला आणि मध्ये दोघांना वावरण्यासाठी ४ फूट सोडले, तर खोलीची रुंदी किमान ८ फूट हवी. चौकोनी खोलीला ‘एल’ आकार शोभतो. उरलेल्या कोपऱ्यात लहान मेज मावते. ‘यू’ आकारात साठवण भरपूर होते, मात्र तिन्ही भिंती अडतात आणि दोन्ही कोपऱ्यांतील कपाटे अडचणीची ठरतात.

गोव्यातील घराच्या गरजा आणखी वेगळ्या. मासळी साफ करण्यासाठी खोल सिंक खिडकीखाली असावे. नारळाचे वाटप रोजचे असल्याने मिक्सरची जागा व विजेची जोडणी सिंकच्या शिंतोड्यांपासून दूर ठेवावी. पुरुमेंताचे सामान भरण्याचे कपाट पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीला लावू नये. तिथे ओल धरते.

दोन बाबींत तडजोड नको. ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरापेक्षा ४ ते ६ इंच खाली असावी. दुसरी बाब गॅसची. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभा ठेवावा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी आणि सिलिंडरच्या कपाटाला तळाशी हवा खेळण्यासाठी जाळी असावी.

काम सुरू होण्यापूर्वी रिकाम्या खोलीत खडूने ओट्याची आखणी करावी. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते, तिने त्या रेषांमध्ये उभे राहून तांदूळ धुण्यापासून पाने वाढण्यापर्यंतच्या हालचाली करून पाहाव्यात. कुठे वळावे लागते, कुठे दार आडवे येते, हे तेव्हाच कळते. खडूची रेघ पुसता येते. ग्रॅनाइट बसल्यावर ती सोय उरत नाही.