संपातून मिळालेला विभाग

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला स्वतंत्र विभाग आपणहून दिला नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये ६ नोव्हेंबर १९६८ रोजी विद्यार्थ्यांनी अशा विभागासाठी संप पुकारला, तो थेट मार्च १९६९ पर्यंत चालला. लाठ्या पडल्या, शेकडो विद्यार्थ्यांना अटक झाली, पण मागणी मान्य झाली. या विभागाचा आराखडा आखणारे समाजशास्त्रज्ञ नेथन हेअर यांना मात्र नोकरी गमवावी लागली. हा अन्याय विसरण्याजोगा नाही. या विषयातल्या पहिल्या पीएच.डी. अभ्यासक्रमासाठी १९८८ साल उजाडावं लागलं. तो फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात मोलेफी केटे असांटे यांनी उभा केला.

कृष्णवर्णीयांच्या याच इतिहासातला आपल्यासाठी मोलाचा कागद आहे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती आंबेडकरांना हव्या होत्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेण्याचा विचार त्यांनी त्यात मांडला होता. डुबॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर धाडलं. हा पत्रव्यवहार ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो; इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर वाचावा.