कोटीला दहा उणे

मुलांनो, जालन्याहून परभणीकडे निघालेल्या आगगाडीच्या खिडकीतून तुम्ही बाहेर पाहिले असेल. धावत असते गाडी; पण शेते आणि बाभळीच मागे पळताना दिसतात. आता याच्या उलट कल्पना करा. गाडी जागीच उभी आहे आणि कोणी बाहेरची जमीनच मागे ओढीत आहे. तरीही आपण पुढे चाललो आहोत, असेच वाटेल. याच भासावर 'झेव्हियस' नावाचा एक प्रसिद्ध खेळ उभारलेला आहे.

मासानोबु एंडो यांनी तो जपानमधील नामको कंपनीसाठी रचला. १९८२-८३ च्या सुमारास तो तेथे लोकांपुढे आला. यंत्रात नाणे टाकले, की पडद्यावरील भूमी वरून खाली सरकू लागते आणि खेळाडूचे विमान पुढे झेपावल्यासारखे दिसते. खाली वने व नद्या दिसतात; एके ठिकाणी तर पेरू देशातील नाझकाच्या प्राचीन भूचित्रासारखा प्रचंड पक्षीही दिसतो.

येथे दोन आघाड्यांवर लढावे लागते. एक कळ दाबून आकाशातील शत्रूवर मारा करावयाचा, तर दुसरी दाबून जमिनीवरील ठाण्यांवर बॉम्ब टाकावयाचे. मौज अशी, की खेळाडू जितका कुशल, तितके बिकट शत्रू यंत्र त्याच्यावर धाडते. त्यामुळे केवळ हाताची चपळाई पुरत नाही. भूमीचा नकाशा मात्र दरवेळी तोच असतो. म्हणून निरीक्षण आणि स्मरण यांचा मोठा उपयोग होतो. काही मनोरे तर जमिनीत दडलेले असतात. नेमक्या जागी बॉम्ब पडला, तरच ते वर येतात!

या खेळात सोळा प्रदेश आहेत. ते संपले, की खेळ पुन्हा सातव्यापासून सुरू होतो. तेव्हा स्पर्धा उरते ती गुणांची. परंतु यंत्राचा गुणफलक ९९,९९,९९० वर थांबतो. कोटीला अवघे दहा उणे! चिकाटीच्या खेळाडूंनी तेही शिखर गाठले.

पुढे काय झाले, ते अधिक महत्त्वाचे आहे. १९८३ च्या सुमारास काही जपानी खेळाडूंनी कोटी गुणांची वाट दाखविणारी पुस्तिका स्वतःच छापून काढली. तालमीतला वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असे आपण म्हणतो. या खेळाडूंनी मात्र कष्टाने मिळविलेले डाव प्रतिस्पर्ध्यांपुढे मांडले. यंत्रावरचा आकडा एका जागी थांबला. त्यांची विद्या मात्र पुढे जात राहिली.