नियम पाठ झाले म्हणजे रस्ता आला असं नाही

‘उजवीकडे बघ, डावीकडे बघ, पुन्हा उजवीकडे बघ’ हे सहा वर्षांच्या मुलानं घडाघडा म्हणून दाखवलं, की पालक निर्धास्त होतात. पण चेंडू रस्त्यावर गेला की तेच मूल काहीही न बघता त्याच्यामागे धावतं. स्वीडनमध्ये स्टिना सांडेल्स यांनी १९६०च्या दशकात लहान मुलांचं रस्त्यावरचं वागणं अभ्यासलं. लहान मुलांना वाहतुकीच्या साच्यात बसवता येत नाही, वाहतूकच त्यांच्या बेतानं चालवावी लागेल, असं त्यांनी सांगितलं.

‘गाडी दिसली की थांबेलच ना!’ दिसेल, पण तिचा वेग कळेलच असं नाही. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात असं आढळलं, की ताशी ३२ किलोमीटरहून वेगानं येणाऱ्या गाडीचा अंदाज प्राथमिक शाळेतल्या मुलांना नीट येत नाही. ताशी ५० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे येते. शिवाय उंचीचाही प्रश्न आहेच. उभ्या केलेल्या दोन गाड्यांच्या फटीत एकदा उकिडवे बसून बघा. समोर फक्त बॉनेट आणि चाक दिसतं, रस्ता नाहीच.

सगळ्यात घातक समज स्कूटरवरचा: ‘पुढे उभं केलं की मूल माझ्या दोन हातांत असतं.’ जोरात ब्रेक लागला की मुलाची छाती हँडलवर आपटते आणि मागून मोठ्या माणसाचं वजन त्याच्यावर येतं. आपल्याकडे १५ फेब्रुवारी २०२३पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षा पट्टा सक्तीचा आहे. वेगही ताशी ४०पेक्षा जास्त नको. चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागतंच. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं असलं तरीही.

‘नेहमी डावीकडून चालायचं’ हा नियम वाहनांचा. फुटपाथ नसेल तिथं उजव्या कडेनं चाला, म्हणजे येणारं वाहन समोर दिसतं.

मग शिकवायचं कसं? शाळेच्या रोजच्याच वाटेवर. बोट नव्हे, मनगट धरा, बोट सुटतं. कडेला थांबून त्यालाच विचारा, ‘आता जायचं? का?’ त्याचं उत्तर ऐका, पण निदान नऊ-दहा वर्षांचं होईपर्यंत शेवटचा निर्णय तुमचाच. आणि शाळा सुटताना रस्त्यापलीकडून हाक मारू नका. स्वतः रस्ता ओलांडून त्याच्यापाशी जा.